कात्री परत मिळण्याबाबत

माणूस आपला आपणच सावरतो, हे एकदा मान्य झालं की त्याच्यावर देखरेख ठेवायला समिती नेमावीच लागते.

शर्टांच्या कारखान्यातल्या कटिंग मास्तरांसाठी ती पाच जणांची होती. सहा महिने मनाच्या आजारात गेल्यावर आता त्यांचे हात शिवशिवत होते, पण मालकीणबाईंनी त्यांची कात्री कपाटात कुलूप लावून ठेवली होती. मानसिक आरोग्य केंद्राच्या समितीचा दाखला आणा, कात्री घेऊन जा. बाईंचं चुकत नव्हतं, कात्रीला धार होती. (धार बाकीच्या अकरा कात्र्यांनाही होती, पण त्या चालवणाऱ्यांनी रजेच्या अर्जात कधी खरं कारण लिहिलं नव्हतं.)

केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं भिंतीवर टांगलेली होती आणि ती खरोखर उत्तम होती. पहिलं, प्रत्येकाची वाट वेगळी. (सबब सर्वांना एकच फॉर्म.) दुसरं, आपला निर्णय आपण घ्यावा. (खाली नातेवाइकाची सही.) तिसरं, आशा. ही मंगळवारी अकरा ते बारा असे. चौथं कॅलेंडरखाली गेलं होतं.

"कसे आहात?" समितीने विचारलं.

"सकाळी जड वाटतं. चहा झाला की जरा बरं. कापड हातात आलं तर आणखी बरं वाटेल."

समितीने 'लक्षणे शिल्लक' असा शेरा मारून महिन्याने बोलावलं. पुढच्या खेपेला मास्तर म्हणाले, मंगळवारी आशेला न येता कामावर जायचं ठरवलंय. निर्णय स्वतःचाच होता, पण समितीला न विचारता घेतलेला. आणखी एक महिना.

बायको वैतागली. "अहो, सगळं खरं सांगत बसायला ते काय घरचे आहेत?"

"घरी तरी कुठे सांगतो?"

ती मग शेजारी येऊन बसली. "मला सांगत जा. तिथे मजेत म्हणा."

तिसऱ्या खेपेला मास्तर बाहेरच्या बाकावर बसून बघत राहिले. समितीतल्या समुपदेशक बाई रडून सुजलेल्या डोळ्यांनी आल्या. शिपायाने विचारलं, "काय बाई, कसं काय?" "मजेत!" मागून अध्यक्ष आले, हात थरथरत होते. "झकास!" दाखल्यावर दोघांचीही सही चालत होती.

"मजेत," मास्तर आत म्हणाले. बारा सेकंदांत दाखला तयार झाला. पूर्णपणे सावरले.

कात्री मिळाली. रोज संध्याकाळी मास्तर बायकोला खरं काय ते सांगतात. दार लावून, कारण समितीच्या लेखी हे आजार उलटल्याचं लक्षण आहे.

तुम्हाला आज सकाळपासून किती जणांनी 'कसे आहात' विचारलं, आणि तुम्ही काय सांगितलंत? असू द्या. दाखला तर तुमच्याकडे नाहीच. तुमची कात्री अजून कुणी काढून घेतलेली नाही, इतकंच.