अठरा वर्षांत सात गोल

ईशिताला फुटबॉल क्लबच्या निवडक संघात घ्यायचं की नाही, हे एकटे प्रशिक्षक हॅमिश डनवुडी ठरवणार होते आणि यादी मंगळवारी लागणार होती. म्हणून तिच्या बाबांनी, नंदनने, त्यांचा सत्कार शनिवारीच ठेवला. कॅनडातल्या कनाटाच्या मराठी मंडळाचा तो सचिव. क्रीडादिनाला पाहुणा हवाच होता, आणि शाल-श्रीफळ घेतलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही, हा त्याचा अनुभव.

घोडं परिचयापाशी अडलं. डनवुडी स्कॉटलंडमध्ये अठरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळले होते, मिडफील्डला, म्हणजे पुढच्यांना चेंडू पुरवणाऱ्या मधल्या फळीत. नंदनने लॅपटॉपवर त्यांची कारकीर्द उघडली आणि कपाळाला हात लावला.

"जयंती, अठरा वर्षांत सात गोल! अगं, सात! याला तिथं नोकरीवर ठेवलं कसं?"

"गोल करणं त्यांचं काम नसेल," तव्यावरची पोळी उलटत बायको म्हणाली.

"मग काय, मैदानाला प्रदक्षिणा घालायचं?"

असला परिचय वाचला तर मंडळाची अब्रू जायची. नंदनने सातापुढे एक शून्य ठेवलं. ते एकटं बरं दिसेना, म्हणून सोबतीला दुसरं दिलं.

"अहो, त्यांना कळलं तर?"

"मी मराठीत वाचणार आहे. त्याला काय कळतंय!"

शनिवारी हॉल गच्च भरला. "सातशे गोलांचे धनी!" असं नंदन गरजला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. डनवुडींनी शेजारी बसलेल्या ईशिताला विचारलं, हे काय चाललंय? पोरगी तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण सोयीस्कर खोटं बोलायला घरच्यांनी अजून शिकवलं नव्हतं.

"ही सेज यू स्कोअर्ड सेव्हन हंड्रेड गोल्स."

डनवुडी शाल सावरत उठले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"सेव्हन," ते म्हणाले. "अँड वन वेंट इन ऑफ माय बम."

सातच, आणि त्यातलाही एक पार्श्वभागाला लागून आत गेलेला! आधी कुणाला हसावं की नाही कळेना. मग पहिल्या रांगेतले विलासकाका असे फुटले की त्यांना पाणी द्यावं लागलं. दिवसभर नंदनची सालं निघाली. "सचिव, वडे किती उरलेत? खरा आकडा सांगा हं!" तो मेल्याहून मेल्यासारखा झाला होता. आपल्या शहाणपणापायी पोरीची जागा गेली, या विचाराने त्याला जेवण जाईना.

मंगळवारी सकाळी ईमेल आली. ईशिता संघात होती, मिडफील्डला. खाली डनवुडींनी लिहिलं होतं की ही मुलगी मिळालेलं स्वतःजवळ धरून ठेवत नाही, लगेच पुढे देते. शनिवारी जवळून पाहिलं.

नंदनने तडक नागपूरला आईला फोन लावला.

"आई, ईशिता टीममध्ये सिलेक्ट झाली!"

"अगं बाई! गोल किती केले रे तिनं?"

"एकही नाही. ती मिडफील्डला खेळते, आई. तिथं गोल मोजत नसतात. खेळ समजून घ्यावा लागतो," नंदन ऐटीत म्हणाला.



"मोजू नको बाबा तू," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पण मी भजनी मंडळात चाळीस सांगून आली."