विनातिकीट पाणी

मी शाळेत भूगोल शिकवतो आणि मी उताराबद्दल खोटं बोललो. बाकी मास्तरांच्या हातून काय काय होतं मला ठाऊक नाही. पण पाणी कुणीकडून कुणीकडे वाहतं, एवढं तरी भूगोलाच्या माणसानं खरं सांगावं.

ज्यांना खोटं सांगितलं ते आमचे शेजारी चव्हाणकाका, एसटीतले निवृत्त कंडक्टर. नोकरी सुटली, कंडक्टरकी सुटली नाही. दाराशी कुत्रं आलं की "जागा न्हाई, मागच्या गाडीनं ये!" म्हणून ओरडायचे आणि मग त्यालाच भाकरी घालायचे. काकू गेल्यापासून घरात एकटेच. तरी जेवायला बसताना ताटाच्या कडेवर दोनदा टकटक करायचे. डबल बेल दिल्याशिवाय पहिला घास उतरत नसे.

हिंगोलीत आमच्या कॉलनीत तेव्हा प्रत्येकानं शटरचं गॅरेज बांधलं होतं. गाडी कुणाकडेच नव्हती. पुढेमागे दुकान निघेल, ही आशा. काकांच्या गॅरेजात ना गाडी, ना दुकान. अधूनमधून त्यांच्या तांड्यावरची माणसं संध्याकाळच्या बसनं यायची, तिथं झोपायची आणि जायची. काका गॅरेज भाड्यानं देतात, असं मी ठरवून टाकलं. विचारलं कधीच नाही.

मग मी सेकंडहँड कार घेतली. ती फाटकातून आत चढेना, म्हणून रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार करून घेतला. गवंड्यानं धरलेली उंची मला कमी वाटली, म्हणून हौसेनं आणखी एक विटांचा थर. गाडी ऐटीत चढली. पहिल्याच मोठ्या पावसात रस्त्याकडेचं पाणी त्या उताराला अडलं, वळलं आणि काकांच्या शटरखालून आत शिरलं.

"सर, बघा हो! विनातिकीट घुसून राहिलं!"

काकांनी पाण्याशी उभं वैर मांडलं. सायकलच्या ट्यूबा चिरून शटरच्या खालच्या पट्टीला ठोकल्या. शटर दोनदा वरखाली झालं की त्या लोंबायला लागल्या. वाळूची पोती लावली. पण आत जायचं तर पोती ओढावी लागत, आणि पोती ओढली की काकांच्या आधी पाणी आत. चिकणमातीची पाळ घातली आणि तिच्यावरून स्वतःच घसरून पडले. "पुढं सरका, पुढं सरका," म्हणत खराट्यानं पाणी बाहेर लोटायचे. मी खिडकीतून बघायचो. हसायचोसुद्धा.

शेवटी त्यांनी मलाच विचारलं, "सर, तुमी भूगोलवाले. हे पाणी काहून येऊन राहिलं?"

मी चष्मा पुसला. "जमिनीखाली झरा असावा."

वर्गात पोरं माझ्यावर इतका विश्वास ठेवत नाहीत. काकांनी दुसऱ्याच दिवशी पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो इकडून तिकडे फिरला आणि नारळ उभा राहिला तो नेमका माझ्या सिमेंटच्या उतारावर. मी पुन्हा चष्मा पुसायला लागलो. काका मात्र खूश.

"नशीबवान हो सर! झरा तुमच्या दारात हाय. बोअर पाडा, पेढे मी वाटतो!"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी सगळ्यांना चहा पाजला.

पुढे एका संध्याकाळी पाऊस कोसळला आणि काकांची हाक आली. गॅरेजात खाटेवर तांड्यावरची एक म्हातारी पाय पोटाशी घेऊन बसली होती. डोळ्यावर हिरवी पट्टी. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढलेला. डोळा सांभाळा, पाणी अजिबात लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि खाली पाणी साचलेलं. तिची सून भिजलेली गोधडी पिळत होती.

"सर, तिकडून धरा. खाट विटांवर चढवू. घरात चला म्हणलं तर लाजून राहिल्या."

खाट उचलता उचलता मी विचारलं, "काका, भाडं किती घेता यांच्याकडून?"

"भाडं?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बसमध्ये विनातिकीट सापडलो होतो. "बापाला घेऊन दवाखान्यात आलतो, पोरगं व्हतो तवा. कुठं जागा न्हाई. दोघं स्टँडवर भिजत बसलो. अन् मग सारी नोकरी मीच लोकांला 'जागा न्हाई' म्हणत राहिलो. आता माणसाला म्हणत न्हाई." मग खाटेखाली वीट सरकवत हळूच म्हणाले, "अन् रिकामी गाडी नेववत न्हाई, सर."

सकाळी मी पहार घेऊन उतार फोडायला लागलो. काका धावत आले.

"बोअर हातानं काहून पाडून राहिले?"

"झरा नाही काका. कधीच नव्हता. माझ्या या उतारानं पाणी तुमच्याकडे वळलं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

काका फुटलेल्या सिमेंटकडे बघत राहिले. "म्हंजे नारळ बराबर व्हता," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मला काय सांगता? गोधडी माझी न्हाई. जिची हाय तिला सांगा."

शटर अर्धंच वर होतं, ट्यूबेची चिंधी लोंबत होती. मी वाकून आत गेलो. म्हातारीनं पावलांच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"आजी, तुमची गोधडी मी भिजवली," मी म्हणालो. "माझं चुकलं."