उंबऱ्याबाहेरचे दानियलमामा

आमच्या छावणीतल्या गल्लीत दारं दिवसभर उघडी असतात आणि माणसं विचारून-बिचारून आत येत नाहीत. सरळ चुलीपर्यंत येतात, वर चहात साखर कमी पडली म्हणून सांगतात. अशा गल्लीत दानियलमामा शिंपी मात्र उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारायचे, "इजाजत?"

आत आल्यावर बसायला पुन्हा इजाजत. पाणी प्यायला इजाजत. एकदा त्यांनी माझ्या बायकोला, "ताप उतरला का, हे विचारायची इजाजत आहे का?" असं विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मी छताकडं.

समोरच्या चाचींना वाटलं, आपल्या घरचं यांना चालत नाही. त्या रुसल्या. मामा घाबरून खुलासा करायला गेले, तेही बाहेर उभं राहून. त्यामुळं चाची आणखीच रुसल्या.

"मामा, हे काय खूळ?" मी विचारलं.

"खूळ नाय वो, बायबलात हाय. उसनं दिलं तरी तारण आणायला त्याच्या घरात घुसू नको, भाईर उभा राहा, असा मोशेचा नियम हाय. अन् शेजाऱ्याकडं लई जाऊ नको, तो कंटाळंल, असं शलमोन राजा सांगतो."

राजवाड्यात राहणाऱ्याला आमची गल्ली काय कळणार, असं अगदी ओठावर आलं होतं.

दुकानातही तेच. बाकीचे शिंपी "कंबर बेचाळीस!" असं ओरडतात आणि अख्ख्या चौकाला आपलं पोट कळतं. मामा टेप लावण्याआधी विचारायचे आणि आकडा स्वतःशीच पुटपुटायचे. "देवानं आपल्या रूपात घडवलेला माणूस हाय. त्याच्या पोटाची दवंडी कशापायी?" हे मात्र मला पटायचं. माझं पोटच तसं आहे.

कोडं एकच होतं. मुकुंदवाडीत राहणाऱ्या एकुलत्या एक लेकीकडं हा माणूस जात का नाही? "रूथनं बोलावलं नाय," एवढंच म्हणायचे. पूर्वी ते रोज संध्याकाळी तिच्याकडं जायचे, भांड्यांवरची झाकणं उचलून मीठ-मसाल्यावर बोलायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "बाबा, बोलावल्याशिवाय येऊ नका." संपलं. तेव्हा नात रांगत होती. मोशे आणि शलमोन मामांच्या आयुष्यात आले ते त्यानंतर. नातीसाठी ते झुरत होते, हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. हा धर्म, हट्ट की भीती, ते मला काही केल्या उमगेना.

नाताळच्या आधी त्यांनी नातीसाठी फ्रॉक शिवला आणि म्हणाले, "तुमी नेऊन द्याल का?" मी त्यांनाही ओढत नेलं. ते रस्त्यापलीकडंच थांबले. रूथनं दारातून त्यांना पाहिलं आणि ती माझ्यावरच उखडली.

"काका, मी रागात बोलले होते. रोज दार सताड उघडं ठेवते. उघड्या दाराला अजून काय बोलावणं लागतंय व्हय?"

मला आधी दोघंही बरोबर वाटले, मग दोघंही चूक. मी फ्रॉक धरून नुसताच उभा. शेवटी तीच रस्ता ओलांडून गेली आणि बापाला हाताला धरून घरात घेऊन आली.

फ्रॉक नातीच्या डोक्यातून खाली उतरेना. छावणीतला सगळ्यात चोख शिंपी, पण माप रांगत्या पोरीचं आठवून अंदाजानं वाढवलेलं. मामा फ्रॉककडं बघत राहिले आणि मग हुंदके देऊन रडले.

रूथनं फ्रॉकची घडी घातली. "उद्या टेप घेऊन या, बाबा," ती म्हणाली. "पोरगी भराभर वाढतीय. दर आठवड्याला माप घ्यावं लागंल."