दुसरी पार्टी दुबईची

“चारुशीला, अख्ख्या नागपुरात माझ्यासारखी नजर कोणाची नाही. चप्पल पाहून मी माणसाचा जिल्हा सांगतो,” कृष्णकांत म्हणाले, तेव्हा त्यांच्या अंगात बनियान उलटं होतं. चारुशीलाबाईंनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झाल्यापासून नवऱ्याने स्वतःची गुप्तहेर म्हणून नेमणूक करून घेतली होती. घरात शांतता राहावी म्हणून त्यांनी ती रद्द केली नव्हती, इतकंच.

या वेळचं प्रकरण मात्र घरचं होतं. पुतणी भैरवीला हुडकेश्वरचं एक बैठं घर मनापासून आवडलं होतं. मालकीण तुळसाबाई ते विकून मुलाकडे रामटेकला जाणार होत्या. भाड्याची घरं बदलून कंटाळलेली भैरवी तिथल्या स्वयंपाकघरात डाळीचे डबे कुठे ठेवायचे तेही ठरवून आली होती. तेवढ्यात दलाल भैय्याजींचा फोन आला. “ताई, दुसरी पार्टी लागली. दुबईची आहे. भाव वाढवा, नाहीतर घर गेलं समजा.”

भैरवी रडकुंडीला आली. कृष्णकांतांच्या चेहऱ्यावर मात्र तेज चढलं.

“दुबई-बिबई काही नाही. भैय्याजीच पार्टी पैदा करून राहिला,” असं जाहीर करून त्यांनी दुपारभर सीताबर्डीत भैय्याजींचा पाठलाग केला. भैय्याजींनी एक चप्पल घेतली, परत केली, दुसरी घेतली आणि पाणीपुरी खाल्ली. संशय येऊ नये म्हणून कृष्णकांतांनीही खाल्ली. पाणी फार तिखट होतं, एवढंच तपासात निष्पन्न झालं.

दुसऱ्या दिवशी काकू, काका आणि भैरवी हुडकेश्वरला पोचले, तर काळा चष्मा लावलेला एक माणूस तुळसाबाईंची खिडकी टेपने मोजत होता.

“पाहा! म्हणजे दुबईवाला खराच आहे! हा त्याचा इंजिनिअर!” कृष्णकांत धावले. “खरं सांग, दुबईहून पाठवलं ना तुले?”

“नाही गा काका. कूलरची वाळ्याची ताटी बदलायची आहे.”

कृष्णकांत परत येऊन बायकोच्या कानाशी लागले. “कूलर हा त्यांचा सांकेतिक शब्द दिसते.”

त्यांना व्हरांड्यात उभं करून चारुशीलाबाई भैरवीसह आत गेल्या आणि सरळ विचारलं, “तुळसाबाई, हे घर आणखी कोणी मागून राहिलं का?”

“फोन आलता वं एकाचा,” तुळसाबाई म्हणाल्या. “नाव नाही सांगितलं. म्हणे, उद्याच ताबा पायजे. मी तं घाबरलीच. आवाज असा दबून, लांबून येत होता, मी भैय्याजीले म्हटलं, दुबईत असन बाप्पा.”

“लावा बरं त्याले फोन.”

तुळसाबाईंनी फोन लावला. व्हरांड्यात, कृष्णकांतांच्या खिशात, कोंबडा आरवला.

“उचलून नाही राहिला,” तुळसाबाई म्हणाल्या. “अन् हा कोणाचा कोंबडा गा, भर दुपारी?”

चारुशीलाबाई बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवलं.

“मी फक्त चाचपणी केली,” कृष्णकांत पुटपुटले. “रुमालातून बोललो. म्हटलं, मालकीण किती पाण्यात आहे ते तं समजलं पायजे. पण दुबईचं मी बोललोच नव्हतो! म्हणून तं मले वाटलं, हा कोणीतरी दुसरा आहे.”

चारुशीलाबाई पुन्हा आत गेल्या. “तुमची अडचण काय आहे, ते सांगा.”

तुळसाबाईंची अडचण साधी होती. रामटेकच्या खोलीला अजून गिलावा व्हायचा होता. उन्हाळाभर इथेच राहू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि आजवर ते कोणी विचारलंच नव्हतं.

“राहा ना आजी,” भैरवी म्हणाली. “करारात तसं लिहून घेऊ. घर पावसाळ्यात द्या.”

ठरल्या भावातच सौदा झाला. तुळसाबाईंनी चहा टाकला. कपात साखर ढवळता ढवळता त्या एकदम थांबल्या.

“पण वं बाई, त्या दुबईवाल्याले आता काय सांगू?”

“त्याले मीच सांगते,” चारुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. “रोज जेवायले आमच्याच घरी राहते तो.”