पट्टीपलीकडचा समुद्र

"पट्टीच्या पलीकडे समुद्र. पाय टाकलास की बुडालीस," मोजणीसाहेबांनी बायकोला बजावलं आणि दिवाणखान्याच्या फरशीवर चिकटपट्टीचं शेवटचं टोक दाबलं.

चौतीस वर्षं कचेरीत नकाशे काढून साहेब निवृत्त झाले होते. उरलेलं आयुष्य शिडाच्या बोटीवर काढायचं, एवढं एकच स्वप्न त्यांनी जपलं होतं. खिशाला झेपतील अशा बोटी तीनच निघाल्या. एक गळकी, दुसरीची डोलकाठी बेपत्ता. तिसरी धडधाकट, पण लहान. तिच्या मापाची पट्टी मारून चार दिवस आत राहायचं, बायको टिकली तर रविवारी बोटवाल्याला होकार द्यायचा, असं ठरलं. संडासाला बंदराचा दर्जा मिळाला. समुद्रात कसला फोन, म्हणून साहेबांनी फोन पट्टीपलीकडच्या कपाटावर ठेवला.

झोपाळ्यावरही मळमळणारी बायको पहिल्याच शब्दाला तयार झाली, तेव्हाच खरं तर त्यांच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीचा विषय काढला. मुलगी बारा वर्षं घरी आली नव्हती. साहेब सवयीने चपलांकडे निघाले. हा विषय निघाला की ते बाहेर पडत आणि तो शिळा झाल्यावरच परतत.

"समुद्र आहे तिकडे," बायको म्हणाली.

नियम त्यांचाच. साहेब परत बसले आणि शिडांविषयीचं पुस्तक उलटं धरून वाचू लागले.

तिसऱ्या दुपारी ते बोटीतल्या बिछान्यावर, म्हणजे दोन ट्रंकांवर टाकलेल्या दोन फुटी फळीवर, लवंडले. कूस बदलली आणि थेट समुद्रात पडले. मांडीत काहीतरी कडकन वाजलं.

"माणूस पाण्यात!" बायको ओरडली. तिने कपडे वाळत घालायची दोरी त्यांच्या अंगावर फेकली आणि त्यांच्यावर नजर रोखून उभी राहिली.

"अगं, बघतेस काय? फोन कर!"

"माणूस बोटीतून पडला की त्याच्यावरून नजर हटवायची नाही, त्याच्यामागे उडी मारायची नाही. तुम्हीच पाठ करून घेतलंत."

"आग लाव त्या नियमांना! पाय मोडलाय माझा!"

मग मात्र ती धावली. समुद्र तुडवत तिने कपाटावरचा फोन गाठला.

डॉक्टरांनी मांडीत सळई घातली. तीन महिने अंथरूण, आणि बोटीचं नावही काढायचं नाही. रविवारी बोट दुसऱ्याच गिऱ्हाइकाने नेली. साहेब भिंतीकडे तोंड करून रडले. बायकोने त्यांना रडू दिलं.

घरी त्यांची खाट दिवाणखान्यातच पडली, बरोबर पट्टीच्या आत.

"ती पट्टी काढ आता," ते म्हणाले. "बघवत नाही."

"राहू दे." तिने स्टूल ओढून खाटेला टेकवलं. "मी बोटीला हो का म्हटलं, माहितीये? भर समुद्रात तुम्हाला उठून कुठे जाता आलं नसतं."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. चपला जागेवरच होत्या.

"आता सांगा," बायको म्हणाली, "पोरगी घर सोडून गेली त्या दिवशी तिला काय बोललात?"