शेंडा नको, बुडखा सांग

भूपालआण्णा मगदूम सबनीस डॉक्टरांच्या दवाखान्यात रोज पहिला नंबर लावायचे आणि रोज सगळ्यांत शेवटी आत जायचे.

संध्याकाळी सहाला दवाखान्याचं शटर वर जायचं तेव्हा पायरीवर आण्णा हजर. पांढरा सदरा, पांढरी टोपी, दाढेखाली लवंग. जैनाघरचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं, त्यामुळं आमच्या घरी रात्रीच्या भाजीचा विचारसुद्धा सुरू झालेला नसायचा आणि आण्णा जेवूनखाऊन, हात धुऊन मोकळे. कंपाउंडरकडून पहिल्या नंबरचा प्लॅस्टिकचा बिल्ला घ्यायचा, पंख्याखालच्या बाकावर बसायचं, आणि तो बिल्ला कुणाच्या गळ्यात मारायचा ते बघत राहायचं. तापानं फणफणलेलं पोर घेऊन कुणी बाई आली की आण्णा उठलेच. "ए पोरी, आण तुझा नंबर हिकडं. ह्यो घे आनि जा आत." मग त्या बाईचा सातवा नंबर आण्णांकडं. थोड्या वेळानं रात्रपाळीला जायची घाई असलेला कुणी यायचा, की सातवा त्याला आणि बारावा आण्णांना. जन्मभर मार्केट यार्डात गुळाची अडत केलेला माणूस. तिथं म्हणे कुणाला हातोहात फसू दिलं नाही आणि स्वतःही फसला नाही. हा एकच सौदा ते रोज तोट्यात करायचे.

मी शाळामास्तरीण. रांग मोडलेली मला खपत नाही. आईच्या ब्लडप्रेशरसाठी तिला घेऊन महिन्यातून दोन-तीनदा तिथं जावं लागायचं, आणि आण्णांच्या या उलाढालीत आमचा नंबर कधी मागं जायचा, कधी पुढं. सुरुवातीला मी कपाळाला आठ्या घालून बसायची. या माणसाला काही उद्योग नाही, असं माझं ठाम मत होतं. ते खोटंही नव्हतं.

पण बिल्ल्यांचा व्यवहार हा आण्णांचा जोडधंदा. त्यांचं मुख्य काम वेगळंच होतं. आत जाऊन डॉक्टरांना काय सांगायचं, ते पेशंटकडून बाहेर बसून घोटून घेणं. कुस्तीला पैलवान आखाड्यात उतरवायच्या आधी वस्ताद जसा कानात दोन गोष्टी सांगतो, तसं.

"मानूस आत गेला की सगळं इसरतंय," आण्णा म्हणायचे. "डॉक्टर विचारतोय काय हुतंय, आनि ह्यो म्हनतोय काय न्हाय, सहज आलतो. आरं, सहज यायला हितं काय मिसळ मिळती व्हय?"

यात खोट काढायला जागा नव्हती. सबनीस डॉक्टर हाताचे गुणी, पण गर्दी अशी की माणूस दारातून आत येताना त्यांना अर्धा आजार कळायचा आणि उरलेला अर्धा ऐकायला त्यांना सवड नसायची. माझी आईच बघा ना. घरात आठवडाभर "चक्कर येते, चक्कर येते" म्हणून माझा जीव खायची. आत गेल्यावर डॉक्टरांना सांगायची, "तशी बरी आहे हो. तुमच्या मिसेस कशा आहेत?"

आण्णांचं एक पालुपद होतं. ऊस शेंड्याला फिका आणि बुडख्याला गोड, हे आमच्याकडं शाळेत जायच्या आधी कळतं. आण्णा ते आजाराला लावायचे. कुणी इकडचं-तिकडचं बोलायला लागला की हात वर करायचे, "शेंडा ऱ्हाऊ दे. बुडखा सांग."

एकदा आजऱ्याहून लेकीकडं आलेली एक म्हातारी गुडघ्याचं दुखणं सांगायला बसली. तिनं सुरुवात केली ती धाकट्या मुलाच्या लग्नापासून. सून आली, मग सुनेनं चूल वेगळी मागितली, मग जिना झाला, मग जिना उंच झाला. आण्णांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, आत जाताना सुनेला भाईर ठिवायचं. गुडघा तेवढा घेऊन जायाचा." म्हातारी हसली आणि खरंच फक्त गुडघा घेऊन आत गेली.

कळंब्याचा एक जाडजूड गडी पोट धरून आला होता.

"काय पावनं, काय हुतंय?"

"पोटात आग पडलीया."

"काल काय खाल्लं?"

"काय न्हाय. साधंच."

"साधं म्हंजे?"

"तांबडा, पांढरा रस्सा. भाच्याचं बारसं हुतं."

"किती वाट्या?"

"वाट्या कोन मोजतंय, आण्णा?"

आण्णांनी जन्मात मटणाला हात लावलेला नव्हता. त्यांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "हे असंच्या असं आत सांगायचं. साधंच म्हनालास तर डॉक्टर साधीच गोळी देनार."

माझ्या आईलाही त्यांनी शिष्य करून घेतलं. "आक्का, चक्कर कवा येती? उठताना का बसताना? डोळ्यापुढं अंधारी येती का घर फिरतंय?" आई दोनदा म्हणून दाखवायची. आत जाऊन तिनं ते धडाधडा सांगितलं तेव्हा डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "बाहेर आण्णा आहेत वाटतं." त्या दिवशी तिची गोळी बदलली आणि चक्कर थांबली. माझ्या कपाळावरच्या आठ्याही थांबल्या.

सगळे गेले की शेवटी आण्णा आत जायचे. डॉक्टर त्यांचं मनगट हातात धरायचे, उसाला यंदा काय दर बसेल यावर दोघं बोलायचे आणि डॉक्टर म्हणायचे, "नाडी झकास आहे. उद्या या." बस्स. मग दोघं मिळून शटर ओढायचे.

एकदा मी गमतीनं म्हणाले, "आण्णा, अर्धी फी तुम्हीच घेत जा."

ते हसतील असं वाटलं होतं. ते बिल्ल्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "बाई, आमची कारभारीन कमल हितंच यायची. ह्याच बाकावर बसायची. छातीत कळ यायची तिच्या, जिना चढली की. मला सांगितलंवतं. मी म्हनलं, डॉक्टरला सांग. आत गेली आनि म्हनाली, काय न्हाय, जरा दमायला हुतंय. त्यानी टॉनिक दिलं. मी भाईर बसलोवतो हितं. भाईर आल्यावर इचारलं, कळ सांगितलीस का? तर म्हनती, किती गर्दी हाय बघा की. डॉक्टरचा टाइम कशाला खायचा."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. कमलकाकींच्या दिवसकार्याला माझी आई जाऊन आली होती.

गेल्या वर्षी सबनीस डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी मृणाल दवाखान्यात बसू लागली. हुशार, हसतमुख, मनापासून तपासणारी. तिनं आल्याआल्या बाकं काढली, काचेचं दार बसवलं, एसी लावला आणि नंबराचे बिल्ले बंद करून फोनवर वेळ द्यायला सुरुवात केली. ज्याची जी वेळ, त्यानं त्या वेळेला यायचं. थांबायचं नाही. खुर्च्या चारच, कारण चारपेक्षा जास्त माणसं साठणारच नव्हती.

मला तर फारच आवडलं. आईला न्यायचं, दाखवायचं, परत. माझ्या वह्या तपासून व्हायला लागल्या. चार खुर्च्यांवर चार माणसं आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असायची आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही. आई मात्र पुन्हा डॉक्टरांना "तशी बरी आहे" म्हणायला लागली होती.

आण्णांना ही पद्धत कळायला वेळ लागला. ते आपले सहाला हजर. काउंटरवरची सोनाली विचारायची, "आजोबा, तुमची वेळ घेतलीय का?"

"वेळ कशाला? मी बसतो की आपला."

"बसायला जागा नाही हो. वेळ घेऊन या."

मग आण्णांनी वेळ घेतली. शेवटची मागितली, तर ती आधीच गेलेली. पहिली मिळाली. गेले आत. मृणालनं विचारलं, "काय होतंय आजोबा?" आण्णा म्हणाले, "काय न्हाय. सहज आलतो."

मुलगी चांगली म्हणून तिनं सहज आलेल्या माणसालाही सोडलं नाही. रक्त, लघवी, ईसीजी, सगळं करायला लावलं. चार दिवसांनी रिपोर्ट घेऊन आण्णा बाहेर आले तेव्हा मी तिथंच होते. नापास झालेल्या पोराचा चेहरा मला लांबून ओळखता येतो. "काय आलं हो?" मी विचारलं.

"सगळं नॉर्मल," आण्णा म्हणाले. "सा म्हैन्यानी या म्हनाली."

त्यानंतर ते काही दिवस दिसले नाहीत. मग एका संध्याकाळी आईला घेऊन गेले, तर दवाखान्याबाहेर चपलांच्या स्टँडशेजारी पायरीवर आण्णा बसलेले. सदरा पांढराच, पण इस्त्री नव्हती. दाढी वाढलेली.

"वेळ घेतलीय?" मी विचारलं.

"घेतलीया की. आजून थोडा टाइम हाय. आत थंडी वाजती."

आईला आत थंडी वाजत नाही, तरी ती त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली. मला वह्यांची घाई होती, पण मीही उभी राहिले.

"आण्णा, आत काय सांगणार आहात?"

"काय सांगायचं? काय न्हाय म्हनायचं."

"मग येता कशाला?"

मी जरा फटकन बोलले. वर्गात बोलते तसं. आण्णा रस्त्याकडं बघत राहिले. मग आईनं, जी कुणाला वर मान करून बोलत नाही, आण्णांच्याच सुरात हात वर केला आणि म्हणाली, "शेंडा राहू दे. बुडखा सांगा."

आण्णा हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही.

"आक्का, सा वाजायच्या आत जेवान हुतंय," ते म्हणाले. "भाकरी मीच करतो, चांगली हुती. ताट धुऊन ठिवतो. आनि मग झोप येस्तोवर घरात कोन न्हाय. ती हुती तवा आमी दोघं भाईर कट्ट्यावर बसायचो. शेजारपाजारचं बोलायचो. लई काय बोलायचो न्हाय, पन आवाज असायचा. ती गेल्यावर सबनीस म्हनाला, आण्णा, हितं येऊन बसत जावा. म्हनून बसायचो. आता टीवी लावतो. तर टीवीतली मानसं आपल्याला काय इचारत न्हाईत. पोरगं बेंगलोरला हाय, रविवारी फोन करतंय. त्याला म्हनतो, मी झकास हाय. आनि हितं..." त्यांनी छातीवर नव्हे, पोटावरही नव्हे, मधेच कुठंतरी हात ठेवला. "हितं रोज संध्याकाळी बसतंय काय तरी. दुखत न्हाय. बसतंय नुसतं. तोंडात घास गेला की कळतंय, आता सुरू हुनार."

 

"हे आत सांगा," आई म्हणाली.

"ह्याला गोळी न्हाय, आक्का. उगं पोरीचा टाइम कशाला खायचा."

"आण्णा," आई म्हणाली, "कमल हेच म्हणाली होती."

आण्णांनी तिच्याकडं बघितलं. काचेचं दार उघडून सोनालीनं हाक मारली, "मगदूम आजोबा, चला." त्याच वेळी एक तरुण पोरगा घाईघाईनं पायऱ्या चढत आला. आण्णा सवयीनं वळले, "तुला घाई हाय का रं? जा की तू फुडं..."

"आजोबा, आता तसं चालत नाही," सोनाली म्हणाली. "तुमची वेळ तुम्हालाच."

आण्णांनी टोपी सारखी केली आणि आत गेले.

त्यांच्यानंतर आमची वेळ होती. ती टळली. आमच्यानंतर त्या तरुणाची होती, तीही टळली. त्याच्यामागून एक बाई लहान मुलीला घेऊन आली, मग एक म्हातारं जोडपं, मग दोघं-तिघं आणखी. चार खुर्च्या भरल्या. सोनालीनं आतून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, मग आणखी एक. लोक भिंतीला टेकून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "एसी बंद आहे का?" दुसरं म्हणालं, "दार उघडा की." मुलीला खोकला येत होता, तर त्या म्हाताऱ्या बाईनं पिशवीतून खडीसाखर काढून दिली. सोनाली दोनदा आतल्या दाराशी जाऊन आली आणि दोन्ही वेळा न वाजवता परत फिरली.

अखेर दार उघडलं. आण्णा बाहेर आले. डोळे लाल होते. आईनं विचारलं, "काय म्हणाली?"

"काय बी म्हनाली न्हाय," आण्णा म्हणाले. "ऐकत हुती."

मग त्यांनी मान वर करून बघितलं. खोली गच्च भरली होती. त्यांची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरली.

तो तरुण वैतागून गेला होता. "आजोबा, एवढा वेळ काय करत होता आत?"

"सांगत हुतो," आण्णा म्हणाले. त्याच्या शेजारचं स्टूल त्यांनी पुढं ओढलं, त्यावर बसले, आणि खिशातून लवंग काढून दाढेखाली ठेवली. "तुझं काय? शेंडा ऱ्हाऊ दे."

आईला दाखवून आम्ही निघालो तेव्हा आण्णा खोकणाऱ्या मुलीपर्यंत पोचले होते. दवाखाना बंद व्हायला अजून तासभर होता. तेवढा तरी होता.