मुनीरभाईंचा समास

मुनीरभाईंच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, स्टीलची सहा इंची पट्टी असते. माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका हातात दिली, तर वधूवरांची नावं वाचण्याआधी त्यांनी तिला पट्टी लावली.

"ताई, डावीकडं समास अर्धा इंचबी न्हाई. लग्न टिकंल. पण पत्रिका फाइलला लावली तर न्हाई टिकायची."

लग्नाची पत्रिका फाइलला कोण लावतं, असं विचारायचं नसतं. मुनीरभाई लावतात.

परतूरला कोर्टासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं टाइपिंगचं टेबल आहे. त्यावर कॉम्प्युटर, जुना टाइपरायटर शेजारच्या स्टुलावर, अंगावर टॉवेल पांघरून. अपिलाचे कागद त्यांच्याकडूनच करून घ्या, असं वकील सांगतात आणि करून घेताना वैतागतात. वरच्या कोर्टाचे नियम त्यांना पाठ आहेत. डावीकडे दीड इंच, ओळींमध्ये दीडपट अंतर, अक्षर ठरलेल्या मापाचं, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. कागद डाव्या बाजूला शिवले जातात, म्हणून तिथला समास त्यांना सगळ्यात प्यारा.

"दोऱ्याखाली गेलेलं वाक्य कुणीच वाचत न्हाई. मंग ते खरं असून काय फायदा?"

मी त्यांच्याकडे गेले ते गौरीसाठी. गौरी माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती आठ महिन्यांची होती, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. सहा वर्षं तिचे वडील फिरकले नाहीत. मग एकदम त्यांनी तिचा ताबा मागितला आणि खालच्या कोर्टाने तो दिला. आम्ही अपील केलं. वरच्या कोर्टाने निकालापर्यंत तिला माझ्याकडे ठेवलं आणि लेखी युक्तिवाद मागवला. दहा पानं, त्यापेक्षा जास्त नाही.

आता मी तालुक्याच्या दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते. यादी केल्याशिवाय मी कोथिंबीरसुद्धा आणत नाही. गौरीसाठी काय काय केलं, त्याची एकतीस पानं झाली. लशी, गोवर, पहिला दात, शाळेचा पहिला दिवस, वांगं खायला लावण्याचे सात उपाय. "फक्त मुद्द्याचं ठेवा," वकीलसाहेब म्हणाले. मला सगळंच मुद्द्याचं वाटत होतं. मग मी शहाणपणा केला. एका कॉम्प्युटरवाल्याकडून अक्षर बारीक करून, समास खाऊन ती एकतीस पानं दहात बसवली आणि मुनीरभाईंकडे नुसते क्रमांक घालायला नेली.

त्यांनी पट्टीसुद्धा काढली नाही. कागद हातभर लांब धरला.

"ताई, ह्या मुंग्या कुठं चालल्यात?"

"दहाच पानं आहेत, मुनीरभाई."

"घनसावंगीच्या जीपमधी वीस माणसं मावतात. बराबर. पण आतल्याला बाहेरचं काही दिसतं का?"

दोन दुपारी त्यांनी मला समोर बसवून कापाकापी केली.

"हा दात कोर्टानं काय करायचा?"

"पहिला दात आहे तो."

"मालूम हाय. काढा."

दात काढला. वांगं काढलं. ती मला पहिल्यांदा आई म्हणाली तो परिच्छेद आला तेव्हा त्यांनी पट्टीने कान खाजवला. म्हणाले, "हेबी काढा." लशींच्या कार्डावर नवव्या महिन्यापासूनच्या प्रत्येक तारखेसमोर माझी सही होती. तेवढं मात्र त्यांनी आठव्या पानावरून पहिल्या पानावर आणलं. "हे बोलून राह्यलं," म्हणाले. शेवटी साडेनऊ पानं उरली. घरी जाताना मी त्यांच्याशी बोललेसुद्धा नाही. माझी सहा वर्षं त्यांनी टोपलीत टाकली, असं वाटत होतं.

अपील मंजूर झालं. गौरी माझ्याकडे राहिली. निकालात त्या कार्डाचा उल्लेख दोनदा होता. ते वाचून मी पेढे घेतले आणि थेट शेडवर गेले. काय बोलायचं याची यादी केली होती. तिथे गेल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही.

मुनीरभाईंनी टेबलाच्या खणातून एक शिवलेली फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. मी उघडली. पहिला दात. वांगं. गोवर. ती मला आई म्हणाली तो परिच्छेद. काढलेलं सगळं नीट टाइप केलेलं, डावीकडे दीड इंच समास.

"हे कशाला, मुनीरभाई?"

"कोर्टाला दहाच पानं लागतात. पोरीला मोठी झाल्यावर सगळं लागंल."

मग पेढा हातात तसाच धरून ते बोलले. "आमची घरवाली, सकीना, लई बोलायची. बाजारातून आली की भाजीवालीपासून सुरू. मी म्हणायचो, थोडक्यात सांग. कामाची आदत ना. तीन साल झाले तिला जाऊन. आता घरात सगळं लई थोडक्यात हाय."

मी फाइल मिटली. त्यांच्यासाठी काय करता येईल, याची यादी मी त्याच दिवशी केली. त्यात एकच ओळ होती.

आता शनिवारी दुपारी मी गौरीला घेऊन शेडवर जाते. ती टाइपरायटरशेजारी बसून शाळेतलं सांगते. कोण पडलं, कोणाचा डबा कोणी खाल्ला, बाईंची चप्पल कशी तुटली. त्याला क्रमांक नसतो, शेवट तर नसतोच. मध्येच मी म्हणते, "गौरी, आटप आता. चाचांना काम आहे."

मुनीरभाई खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवतात, खुर्ची तिच्याकडे वळवतात.

"मंग?"